रॉकी हरतो, हे तरी आठवतं का?

बॉक्सिंगवरचा एक संदेश सध्या फिरतो आहे. मला तो तीन गटांतून आला, प्रत्येक वेळी टाळ्यांच्या चिन्हांसकट. त्याचं म्हणणं असं: बॉक्सिंग कलेत शिरलं ते १९७६च्या ‘रॉकी’ या सिनेमामुळे, त्याआधी ती नुसती मारामारी होती. तेव्हापासून सगळ्या गोष्टी एकाच साच्यातल्या, म्हणजे गरीब पोरगा, घाम आणि शेवटी विजय. खऱ्या लेखक-कवींनी या खेळाला लांबूनच नमस्कार केला. आणि ज्यांनी लिहिलं त्यांनी हिंसेची आरती ओवाळली.

पहिलं विधान तर सनावळीपुढेच टिकत नाही. ग्रीसच्या सँटोरिनी बेटावर अक्रोतिरी इथे उत्खननात एक भित्तिचित्र सापडलं. त्यात दोन लहान मुलगे ठोसे लगावताहेत. हे चित्र साडेतीन हजार वर्षांपूर्वीचं. होमरच्या ‘इलियड’ या प्राचीन ग्रीक महाकाव्यात, तेविसाव्या सर्गात, पॅट्रोक्लस या योद्ध्याच्या अंत्यविधीनंतर खेळ होतात, त्यातही मुष्टियुद्ध आहे. जिंकणाऱ्याला खेचर, हरणाऱ्याला दोन कानांचा प्याला. एपियस आधीच बजावतो की समोरच्याची हाडं मोडीन, त्याला उचलून न्यायला माणसं जवळ ठेवा. तो युरियालसला एका ठोशात आडवा करतो. मग स्वतःच त्याला हात देऊन उभा करतो. युरियालसचे सोबती त्याला धरून नेतात तेव्हा त्याचे पाय फरपटत असतात, मान एका बाजूला कललेली असते आणि तोंडातून रक्ताच्या गुठळ्या पडत असतात. बक्षिसाचा प्याला घ्यायलाही तेच मागे येतात. जिंकलेल्या खेचराचं पुढे काय झालं, याबद्दल होमर अवाक्षर काढत नाही.

आता तो ‘साचा’. मला सर्वांत जास्त खटकलं ते हेच विधान, कारण ज्या सिनेमाच्या नावाने ते केलं आहे तो सिनेमाच संदेश लिहिणाऱ्याने शेवटपर्यंत पाहिलेला दिसत नाही. पहिल्या ‘रॉकी’त रॉकी हरतो. पंधरा फेऱ्या उभा राहतो आणि पंचांचा कौल प्रतिस्पर्धी अपोलो क्रीडच्या बाजूने जातो. जिंकायला तो दुसऱ्या भागात लागला.

आणि हरलेल्याकडे, मार खाल्लेल्याकडे बघण्याची कलेची सवय फार जुनी आहे. रोममध्ये १८८५ साली जमिनीतून एक ब्राँझचा पुतळा निघाला. बसलेला मुष्टियोद्धा, हातांवर चामड्याचे पट्टे, नाक मोडलेलं, चेहऱ्यावर जखमा. जखमांतलं आणि अंगावर ओघळलेलं रक्त दाखवायला शिल्पकाराने वेगळं, लालसर तांबं बसवलं आहे. कान सुजून गाठाळलेले. आपल्याकडच्या तालमींतले पैलवान ज्याने पाहिलेत त्याला ते लगेच ओळखू येतील. तो लढत जिंकला की हरला, पुतळ्यावरून कळत नाही. मान वळवून तो कुणाकडे तरी वर बघतो आहे, एवढंच.

जॅक लंडन या अमेरिकन लेखकाची १९०९ची ‘अ पीस ऑफ स्टेक’ ही कथा तर सबंध एका मांसाच्या तुकड्यावर उभी आहे. टॉम किंग हा उतारवयाला लागलेला ऑस्ट्रेलियन बॉक्सर. लढतीच्या दिवशी मांस आणायला घरात पैसे नाहीत, उधारी कुणी देत नाही. पावाने पिठाची पातळ ग्रेव्ही पुसून खाऊन तो पायीच रिंगणाकडे निघतो. समोर तरणाबांड सँडेल. टॉमचा अनुभव अंगातली ताकद पुरवून पुरवून वापरतो, सँडेलला जवळजवळ संपवतो, आणि शेवटच्या ठोशाला जोर कमी पडतो. तेवढाच, त्या न खाल्लेल्या तुकड्याएवढा. घरी परतताना तो बाकावर बसून रडतो. तरुणपणी आपण हरवलेला म्हातारा बॉक्सर त्या रात्री का रडला होता, ते त्याला आता उमगतं. घाम, गरिबी सगळं आहे. विजय तेवढा शोधून दाखवा.

लेखकांनी लांबून नमस्कार केला म्हणता? इंग्रज कवी बायरन लंडनमध्ये जॉन जॅक्सन या माजी विजेत्याकडे रीतसर धडे घेत होता. १८११मध्ये आईची अंत्ययात्रा निघाली तेव्हा तो दारातून बघत राहिला, स्मशानात गेला नाही. ग्लोव्हज मागवले आणि नोकर पोराशी ठोसेबाजी करत बसला. (यावरून त्याला कोरडा म्हणणारे तेव्हाही होते. मला ते तसं वाटत नाही.) विल्यम हॅझलिट हा निबंधकार डिसेंबर १८२१मध्ये लंडनहून हंगरफर्डला गेला, आयुष्यातली पहिली लढत बघायला, आणि त्यावर त्याने लिहिलेला निबंध इंग्रजीतल्या उत्तम निबंधांत गणला जातो. बर्नार्ड शॉने बॉक्सरवर कादंबरी लिहिली आणि १८८३च्या हौशी स्पर्धेत स्वतःचं नावही नोंदवलं. आर्थर क्रॅव्हन हा कवी तर १९१६मध्ये बार्सिलोनात थेट माजी जगज्जेत्या जॅक जॉन्सनसमोर उभा राहिला. सहाव्या फेरीत गारद. कविता टिकली.

राहिलं हिंसेचं उदात्तीकरण. मघाच्या त्या हॅझलिटच्या निबंधात हरणाऱ्या हिकमनचा चेहरा रक्त ओकणाऱ्या कवटीसारखा दिसतो. याला आरती म्हणणं कठीण आहे. पण आरोपात तथ्य आहे, फक्त नेम चुकला आहे. लेखकांना रक्ताने भुरळ घातली त्याहून जास्त नुकसान कातडीच्या रंगाने केलं. टॉम किंगवर एवढ्या मायेने लिहिणारा हाच जॅक लंडन १९०८मध्ये सिडनीत होता. तिथे जॅक जॉन्सन हा पहिला कृष्णवर्णीय हेवीवेट जगज्जेता झाला. या लेखकाने लढतीच्या वार्तापत्राच्या शेवटी निवृत्त गोऱ्या माजी विजेत्याला, जेफ्रीजला, हाक दिली की शेतावरून परत ये आणि जॉन्सनच्या चेहऱ्यावरचं ते हसू पुसून टाक. ४ जुलै १९१० रोजी अमेरिकेतल्या रीनोमध्ये जेफ्रीज आला आणि पंधराव्या फेरीत हरला. त्या रात्री अमेरिकेतल्या अनेक शहरांत दंगली झाल्या, कृष्णवर्णीय माणसं मारली गेली.

याच दोन लढतींच्या मधे, १९०९मध्ये, जॉर्ज बेलोज या चित्रकाराने न्यूयॉर्कमध्ये एक मोठं चित्र रंगवलं. काळा बॉक्सर अंगावर झेपावलेला, गोरा रक्तबंबाळ होऊन खाली चाललेला, आणि भोवती प्रेक्षकांचे विद्रूप, हावरट चेहरे. तिथे तेव्हा पैसे घेऊन जाहीर लढती करायला कायद्याने बंदी होती. पळवाट अशी की लढती खासगी क्लबात करायच्या आणि लढणाऱ्यांना त्या रात्रीपुरतं सभासद करून घ्यायचं. चित्राचं नाव आहे ‘दोघेही या क्लबचे सभासद’.