लाल दिवा म्हणजे ‘फक्त बॅटरी’ नव्हे: जुन्या युरोपीय गाड्यांविषयीच्या एका संदेशाचा प्रतिवाद

गेल्या आठवड्यात हॅनोवरजवळ राहणाऱ्या माझ्या भाच्याचा फोन आला. त्याने यंदा १९६१ सालची फोक्सवॅगन बीटल घेतली आहे आणि तीस वर्षांहून जुन्या, मूळ रूपात जपलेल्या गाड्यांना जर्मनीत जी ‘एच’ अक्षराची नंबरप्लेट मिळते, तीही हौसेने मिळवली आहे. त्याचा प्रश्न असा होता: “मामा, चालत्या गाडीत डॅशबोर्डवरचा बॅटरीचा लाल दिवा लागला तर हेडलाइट बंद करून पन्नास किलोमीटर जाता येते ना?” हे कुठे वाचलेस, असे विचारल्यावर त्याने आमच्याच कुटुंबाच्या व्हॉट्सॲप गटातला संदेश मला पाठवला. तो गटात दोनदा येऊन गेला होता आणि दोन्ही वेळा मी न वाचता सोडून दिला होता. ती चूक माझी. ‘जुन्या युरोपियन गाड्यांच्या डॅशबोर्डवरील दिव्यांची भाषा: सात सुवर्णनियम’ असे त्याचे शीर्षक आहे. सातपैकी एक नियम अर्धा खरा आहे, काही नुसतेच बावळट आहेत आणि दोन असे आहेत की ते पाळल्यास इंजिन हमखास बसेल. म्हणून संदेशातला क्रम मोडून मी घातक नियमांपासून सुरुवात करतो.

दुसरा नियम म्हणतो की, बॅटरीचा लाल दिवा लागला तर घाबरू नये. चार्जिंग थांबले आहे इतकाच त्याचा अर्थ असतो, तेव्हा हेडलाइट, वायपर आणि रेडिओ बंद करून पन्नास किलोमीटर आरामात घरी यावे. हे ज्याने लिहिले त्याने बीटलचे मागचे झाकण, ज्याखाली तिचे इंजिन असते, कधी उघडून पाहिलेले नाही. त्या इंजिनात पाणी नाही आणि रेडिएटरही नाही. चारही सिलिंडर थंड ठेवते ती केवळ हवा, आणि ती हवा ढकलणारा पंखा डायनॅमोच्याच, म्हणजे बॅटरी चार्ज करणाऱ्या यंत्राच्याच, दांड्यावर, पुलीच्या विरुद्ध टोकाला बसवलेला असतो. क्रँकच्या, म्हणजे इंजिनाच्या मुख्य दांड्याच्या, पुलीवरून येणारा एकच पट्टा डायनॅमो फिरवतो आणि त्याच्याबरोबर पंखाही फिरतो. पट्टा तुटला की दोन्ही एकाच क्षणी थांबतात. पंखा थांबल्याचे सांगणारा वेगळा दिवा गाडीत नाही, तापमानाचा काटाही नाही. चालकाला जे काही कळायचे ते त्या एका लाल दिव्यातूनच. चार्जिंग थांबल्याचे तो सांगतो हे खरेच आहे, परंतु ते का थांबले हे पाहिल्याशिवाय पुढे जाणे म्हणजे धूर दिसत असताना चूल विझल्याचे मानण्यासारखे आहे.

पंखा थांबल्यावर काय होते, तेही सांगितले पाहिजे, कारण ‘थोडे गरम होईल, त्यात काय’ अशी प्रतिक्रिया मला गटातच मिळाली. या इंजिनात ऑइल अवघे अडीच लिटर असते आणि इंजिनाची बरीच उष्णता वाहून नेण्याचे काम तेच करते. ते थंड करणारा ऑइल कूलर त्या काळच्या बीटलमध्ये पंख्याच्याच पत्र्याच्या घरात, हवेच्या वाटेत उभा असतो. त्याच्या आडोशामुळे तिसऱ्या क्रमांकाच्या सिलिंडरला सगळे ठीक असतानाही हवा कमी मिळते, आणि म्हणून त्याचा एक्झॉस्ट व्हॉल्व्ह आधी जातो, हे बीटलवर हात बसलेल्या कोणत्याही मेकॅनिकला तोंडपाठ असते. आता पंखाच थांबला तर सिलिंडर आणि ऑइल दोघांचीही हवा एकदम बंद होते; ऑइल पातळ होत जाते, त्याचा दाब घसरतो आणि पिस्टन सिलिंडरमध्ये धरू लागतो. त्यासाठी पन्नास किलोमीटर लागत नाहीत. ऑटोबानवर, म्हणजे जर्मन महामार्गावर, भर वेगात तर फार थोड्या अंतरात काम तमाम होते.

माझ्या शब्दावर विश्वास ठेवण्याचीही गरज नाही. कंपनीने गाडीबरोबर दिलेल्या मालकाच्या पुस्तिकेतच स्पष्ट सूचना आहे की, चालताना लाल दिवा लागला तर गाडी ताबडतोब थांबवून पट्टा पाहावा, कारण इंजिन थंड करणारा पंखा त्याच पट्ट्यावर चालतो. ज्यांनी ते इंजिन घडवले त्यांचे म्हणणे एकीकडे आणि निनावी ‘सुवर्णनियम’ दुसरीकडे असताना कोणाचे ऐकायचे, यावर गटात अर्धा तास चर्चा व्हावी याचे मला नवल वाटते.

अर्धे सत्य कोठे आहे तेही नाइलाजाने मान्य करतो. गाडी थांबवली, झाकण उघडले, पट्टा जागेवर आणि ताणलेला दिसला, तर दोष बहुधा डायनॅमोच्या झिजलेल्या ब्रशमध्ये किंवा चार्जिंगचे नियंत्रण करणाऱ्या रेग्युलेटरमध्ये असतो. अशा वेळी पंखा फिरतच असतो आणि दिवसाउजेडी, दिवे न लावता, भरलेल्या बॅटरीवर घर गाठता येते, कारण पॉइंटवर, म्हणजे साध्या यांत्रिक स्विचवर, चालणाऱ्या इग्निशनला वीज फारशी लागत नाही. तसेच डायनॅमोच्या गाडीत इंजिन मंद चालत असताना हा दिवा किंचित लुकलुकला आणि ॲक्सिलरेटर दाबताच विझला, तर तो दोष नव्हे. संदेशातला पाचवा नियम एवढेच सांगतो आणि तेवढा तो बरोबर आहे. पण दुसरा नियम आधी आणि पट्टा तपासण्याची अट कुठेच नाही, असा संदेश वाचून माणूस गाडी थांबवणारच नाही.

जी गोष्ट बीटलची, तीच थोड्या फरकाने पाण्यावर थंड होणाऱ्या जुन्या गाड्यांचीही आहे. त्या काळच्या बहुसंख्य ब्रिटिश गाड्यांत डायनॅमो, पाण्याचा पंप आणि रेडिएटरचा पंखा हे तिन्ही एकाच फॅनबेल्टवर असतात. तेथे ज्या गाडीत तापमानाचा काटा आहे तिच्यात निदान तो चढताना दिसतो, एवढाच दिलासा.

आता पहिला नियम, जो वरवर निरुपद्रवी वाटतो: ‘जगभर रंगांचा अर्थ एकच. लाल म्हणजे धोका, पिवळा म्हणजे सावध, हिरवा म्हणजे सर्व ठीक.’ आजच्या गाडीपुरते हे बव्हंशी चालून जाईल, कारण डॅशबोर्डवरची चिन्हे आणि त्यांचे रंग पुढे आंतरराष्ट्रीय मानकांनी बांधून दिले. परंतु संदेश जुन्या गाड्यांविषयी आहे, आणि माझ्या भाच्याच्या बीटलमध्ये ऑइलच्या दाबाचा दिवा हिरवा आहे. होय, हिरवा. इंजिनातला ऑइलचा दाब संपला की त्या गाडीत हिरवा दिवा लागतो. वर वर्णन केलेला प्रसंग या नियमाला जोडून पाहा: पट्टा तुटतो, लाल दिवा लागतो, चालक ‘फक्त बॅटरी’ म्हणून पुढे जात राहतो, ऑइल तापून पातळ होते, मग हिरवा दिवा लागतो आणि चालकाला वाटते की आता सर्व ठीक झाले. दोन चुकीचे नियम एकमेकांना इतके अचूक पूरक असावेत, हे जमवूनही जमले नसते.

तिसरा नियम याच दिव्याविषयी आहे: ऑइलचा दिवा लागला तर अर्धा लिटर ऑइल टाकून पुढे निघावे. हा दिवा ऑइलची पातळी दाखवत नाही, दाब दाखवतो. इंजिनाच्या अंगात एक लहानसा स्विच बसवलेला असतो. दाब पुरेसा असला की त्याचा संपर्क तुटतो आणि दिवा विझतो. ज्या दाबाला तो विझतो तो सहसा अर्ध्या बारहूनही कमी असतो, म्हणजे चालत्या गाडीत दिवा लागतो तेव्हा दाब कमी झालेला नसून जवळजवळ उरलेलाच नसतो. पातळी इतकी खाली गेली असेल की पंप हवा ओढू लागला, तर ऑइल घालून काम भागेल, हे कबूल. पण डिपस्टिकवर पातळी ठीक दिसत असताना वर आणखी अर्धा लिटर ओतून निघणे हा उपाय नव्हे. अशा वेळी इंजिन बंद करावे आणि गाडी ओढून न्यावी.

चौथा नियम वाचून मात्र मी हसलो. इंग्लिश गाड्यांत ‘आयजीएन’ असे लिहिलेला दिवा लागल्यास इग्निशन कॉइल, म्हणजे ठिणगीसाठी वीज पुरवणारी कॉइल, बदलावी, असे त्यात म्हटले आहे. एमजीबी या ब्रिटिश स्पोर्ट्स कारसारख्या गाड्यांतला तो दिवा इग्निशन चालू असल्याचे आणि डायनॅमो किंवा त्याची जागा पुढे घेणारा अल्टरनेटर चार्ज करत नसल्याचे सांगतो. कॉइल बिघडली असती तर दिवा पाहायला इंजिन चालूच राहिले नसते.

सहावा नियम सांगतो की, डॅशबोर्डवरचा बल्ब गेला तर घाई नको, तो शोभेचा आहे. आणि बदलायचाच तर झगझगीत एलईडी लावावा. डायनॅमोच्या गाडीत बल्ब नसला तरी चार्जिंग होते, पण पट्टा तुटल्याचे सांगायला मग कोणी उरत नाही. पुढे अल्टरनेटर आले तेव्हा तर चार्जिंगचा दिवा सर्किटचाच भाग झाला: त्या लहानशा बल्बमधून जाणारा प्रवाह अल्टरनेटरच्या रोटरला सुरुवातीचे चुंबकत्व देतो. बल्ब गेला, किंवा जेमतेम प्रवाह घेणारा एलईडी लावला, तर पुष्कळदा अल्टरनेटर जागाच होत नाही आणि बॅटरी मुकाट्याने उतरत जाते. म्हणून रोज सकाळी चावी फिरवल्यावर, इंजिन सुरू करण्याआधी, लाल आणि हिरवा हे दोन्ही दिवे लागतात का ते पाहायचे असते. चावी फिरवताच दिवे लागणे हा वायरिंगचा दोष असल्याची जी पुरवणी या नियमाला जोडली आहे, ती उलटी आहे. दोष असतो तो न लागण्यात.

याच ठिकाणी ‘सिट्रोएनमध्ये सुरुवातीचा लाल दिवा दुर्लक्षित करावा’ असेही एक वाक्य आहे. डीएससारख्या गाडीत सस्पेन्शन, स्टिअरिंग आणि ब्रेक यांना एकाच हायड्रॉलिक पंपाचा दाब लागतो. सुरू केल्यावर दिवा काही क्षण राहतो हे खरे. तो विझेपर्यंत थांबायचे असते, कारण त्याआधी निघालात तर ब्रेकचाही भरवसा नाही.

सातवा नियम स्कॅनर जोडून गाडीच्या संगणकाने नोंदवलेले दोषांचे कोड पुसून टाकण्याविषयी आहे. स्कॅनर जोडण्याचा तसा सॉकेट युरोपातल्या पेट्रोल गाड्यांना सक्तीचा झाला तो २००० सालच्या पुढेमागे. १९६१च्या बीटलमध्ये पुसायला कोडच नाही.

भाच्याला मी दुसरेच काम लावले. त्याने डिकीत एक जादा पट्टा, पुलीच्या नटाचा २१चा पाना आणि मोठा स्क्रूड्रायव्हर ठेवला आहे. पट्टा अंगठ्याने दाबून दीडेक सेंटिमीटर खाली जातो का हे त्याने पाहिले, तर तो त्याच्या दुप्पट जात होता. त्या गाडीत ताण बदलण्यासाठी पुलीच्या दोन अर्ध्यांमधल्या चकत्या कमी-जास्त कराव्या लागतात. त्याने एक काढून बाहेरच्या बाजूला लावली आणि पट्ट्याच्या आतल्या बाजूचा फोटो पाठवला. त्यावर तीन ठिकाणी आडव्या भेगा होत्या. नवा पट्टा त्याने त्याच संध्याकाळी चढवला.