बांध, मोबाईल आणि तीन गुंठे

सावद्याच्या नाक्यावर केळीच्या गाड्या भरून निघाल्या की कट्टा भरतो. परवाचा विषय नानांनी आणला. मोबाईलवर मोजणीचं ॲप चालू करून ते शेताला फेरी मारून आले होते. सातबाऱ्यावर ४० आर, ॲपमध्ये ३७.

"शेजाऱ्यानं तीन गुंठे कोरले भो. सॅटेलाईट काय खोटं बोलीन का?"

"सॅटेलाईटला तुमचं शेत दिसतच नाही, नाना," मोजणीचा रोव्हर, म्हणजे उपग्रहांवरून जागा काढणारं काठीवरचं मशीन, चालवणारा दादा म्हणाला. "जीपीएसचा उपग्रह २०,२०० किलोमीटरवरून 'मी इथं आहे, आता इतके वाजले' एवढंच सांगत फिरतो. हिशोब तुमचा मोबाईल करतो."

आप्पांना हे पटलं नाही. त्यांचा माल दिल्लीला जातो. "मग माझी गाडी इंदूरच्या ढाब्यावर उभी आहे हे मला घरबसल्या कसं कळतं?"

"ट्रॅकरमधल्या सिमकार्डामुळे. ट्रॅकर उपग्रहांचं ऐकतो, स्वतःची जागा काढतो आणि टॉवरवरून सर्व्हरला कळवतो. सातपुड्यात रेंज गेली की नकाशावर गाडी खिळल्यासारखी दिसते. बरा ट्रॅकर मधल्या नोंदी साठवून ठेवतो आणि रेंज आली की सगळ्या एकदम ओततो. म्हणून ड्रायव्हरला झापण्याआधी नोंद कधी झाली ते बघा, सर्व्हरवर कधी पोचली ते नाही. आणि तो डबा पत्र्याखाली लपवू नका, अँटेनाला आभाळ लागतं."

"तीन गुंठ्यांचं बोल," नाना.

"बोलतो. उपग्रह डोक्यावर असला तर त्याचा संदेश खाली यायला सेकंदाचे ६७ हजारांश भाग लागतात. त्या वेळेवरून अंतर निघतं. घड्याळात सेकंदाच्या दहा लाखाव्या भागाची चूक झाली तर जमिनीवर ३०० मीटर! उपग्रहात अणुघड्याळ आहे, तुमच्या मोबाईलमध्ये स्वस्तातलं. म्हणून चार उपग्रह लागतात. तीन जागेसाठी, चौथा तुमचं घड्याळ किती चुकलंय ते काढायला."

"चार तर मिळतातच ना?"

"दहा-पंधरा मिळतात. पण आयनोस्फिअरमध्ये, म्हणजे वातावरणाच्या वरच्या विद्युतभारित थरात, संदेश रेंगाळतो, शेडच्या पत्र्यावर आपटून लांबच्या वाटेनं येतो. आणि तुमची केळी! पानात पाणी ठासून भरलेलं, बागेत शिरलं की आधीच क्षीण असलेला संदेश आणखी मरतो. उघड्या आभाळाखाली चांगला मोबाईल पाचेक मीटर इकडेतिकडे दाखवतो. सगळं शेत एकाच बाजूला सरकलं तर क्षेत्र बदलत नाही. चालता चालता चूक बदलत गेली की आकार वाकडा होतो. तुमची १०० मीटरची एक बाजू तीन मीटर आत आली तरी ३०० चौरस मीटर गेले. तेच तुमचे तीन गुंठे."

"पण मी तर बांधाला धरून चाललो!"

"बांधावरून की बांधाच्या आतून?"

नाना जरा थांबले. "आतून. वर बोराटी आहे."

दादानं विटकरीच्या तुकड्यानं कट्ट्यावरच आकडे मांडले. शेत १०० बाय ४०. चारी बाजूंनी एकेक मीटर आतून चाललं तर ९८ बाय ३८, म्हणजे ३,७२४ चौरस मीटर. सदतीस आर आणि वर थोडं. आप्पा खो खो हसले. बांध सामाईक असेल तर हद्द त्याच्या मधून जाते, हे नानांना कोणी सांगायला नको होतं.

"मग तुझं मशीन तरी बरोबर कसं?"

"संदेश ज्या रेडिओ लहरीवर येतो, रोव्हर त्या लहरीचा टप्पाच मोजतो, १९ सेंटीमीटरची लहर. शिवाय माहीत असलेल्या जागी बसवलेलं बेस स्टेशन किंवा सर्व्हे ऑफ इंडियाचं अशा स्टेशनांचं जाळं चुकीची दुरुस्ती इंटरनेटवरून पाठवत राहतं. स्क्रीनवर 'फिक्स', म्हणजे जागा पक्की, आलं की दोन-तीन सेंटीमीटरचा भरवसा. 'फ्लोट', म्हणजे अजून कच्ची, असताना बिंदू घेतला तर मातीच. दाट बागेत फ्लोटच राहतो, मग उघड्यावर दोन बिंदू घेऊन तिथून टोटल स्टेशन, म्हणजे कोन आणि अंतर मोजणारी दुर्बीण, लावावं लागतं. काठी कललेली असली तरी चूक: दोन मीटरच्या काठीला दोन अंश कल, तर तळाशी सात सेंटीमीटर."

"म्हणजे भूमी अभिलेखला मोजणीचा अर्ज करू?"

"आधी बांधावरून एक फेरी मारा. प्रत्येक कोपऱ्यावर मिनिटभर थांबा. तरी तीन गुंठे कमी आले तर अर्ज करा."

"आणि बूट घालून जा," आप्पा म्हणाले, "बोराटी आहे म्हणे."