लहान वळणाचा मोठा गैरसमज

दोन-तीन महिने झाले, एक मजकूर मोबाइलवर फिरतो आहे. माझ्याकडे तो तीन वेगवेगळ्या लोकांकडून आला. तिसरा माझा भाचा. त्याने खाली लिहिलं होतं, "मामाजी, वाचा न् सुधरा." मजकुराचं नाव 'डॉगफाइटचे पाच नियम' (डॉगफाइट म्हणजे लढाऊ विमानांची जवळून होणारी झुंज), आणि ते असे: एक, सर्वांत लहान वळण घेणारं विमानच घ्या, म्हणजे दुसऱ्या महायुद्धातलं जपानी झीरो किंवा ब्रिटिश स्पिटफायर, बाकीची विमानं शोभेची. दोन, उंच चढत बसणारा भित्रा. तीन, शत्रू समोरून आला तर समोरूनच भिडा. चार, वळताना फ्लॅप (पंखांमागच्या झडपा) पूर्ण खाली टाका. पाच, एकदा शेपटीला लागलात की तो पडेपर्यंत सोडू नका.

आमच्या नागपुरात वायुसेनेच्या मेंटेनन्स कमांडचं मुख्यालय आहे, त्यामुळे इथल्या प्रत्येकाला विमानातलं उपजतच कळतं असा एक समज आहे. मला तसं काही कळत नाही. मी वॉर थंडर आणि आयएल-टू हे विमानयुद्धाचे व्हिडिओ गेम खेळतो, तेही प्रतापनगरातल्या एका खोलीत, मे महिन्यात कूलरच्या घरघरीवर हेडफोन चढवून. पण हे पाच नियम पाळून मी पहिलं वर्षभर नुसता मार खाल्ला आहे, म्हणून एवढं लिहायचा हक्क कमावलाय असं समजतो.

पहिला नियम. हा पूर्ण खोटा असता तर बरं झालं असतं. तो अर्धा खरा आहे, म्हणूनच एवढा पसरला. कमी वेगात, जमिनीलगत, एकास एक अशी गाठ पडली तर झीरोपुढे फारसं कोणी टिकत नाही. प्रश्न असा की समोरचा कमी वेगात यायला तयार का होईल? वळणाची त्रिज्या वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. चार जी (गुरुत्वाकर्षणाच्या चौपट) ताण घेऊन ताशी ४०० किलोमीटरने वळलात तर त्रिज्या सुमारे ३२५ मीटर. तोच ताण, पण वेग ६०० असेल तर सुमारे ७३० मीटर. म्हणजे 'लहान वळण' हा काही विमानाच्या अंगात मुरलेला गुण नाही. तो विमानाचा आणि त्या क्षणीच्या वेगाचा हिशेब आहे, आणि वेग ठरवायचा अधिकार बहुतेक वेळा ज्याचं विमान जास्त वेगवान त्याच्याकडे असतो.

हे खेळापुरतं नाही. १९४१ च्या शरदात जर्मनांचं फॉक-वुल्फ १९० इंग्लिश खाडीवर आलं, तेव्हा ब्रिटिशांकडे स्पिटफायर मार्क फाइव्ह होतं. वळणात स्पिटफायर सरस, तरीही फॉक-वुल्फने त्याला महिनोन्‌महिने रडवलं. जून १९४२ मध्ये एक जर्मन वैमानिक दिशा चुकून वेल्समधल्या पेम्ब्री तळावर आख्खं फॉक-वुल्फ उतरवून बसला. ब्रिटिशांनी त्याची स्पिटफायरशी तुलना करून पाहिली. वेग, चढ, सूर आणि एका कुशीवरून दुसऱ्या कुशीवर पलटणं या सगळ्यांत फॉक-वुल्फ पुढे. स्पिटफायर पुढे फक्त वळणात. यावरचा त्यांचा तोडगा मार्क नाइन. त्यात आणखी लहान वळण आणलं नव्हतं. आणलं होतं ते उंचीवर दम न सोडणारं मर्लिन ६१ इंजिन.

आणि झीरो? ते हलकं होतं कारण सुरुवातीच्या झीरोंत वैमानिकामागे चिलखत नव्हतं आणि गोळी लागल्यावर आपोआप बुजणाऱ्या टाक्याही नव्हत्या. जून १९४२ मध्ये अल्यूशियन बेटांपैकी अकुटानवर एक झीरो दलदलीत उलटलं. अमेरिकनांनी ते उचलून सॅन दिएगोला नेलं, दुरुस्त केलं आणि त्याच वर्षी उडवलं. त्यांना काय दिसलं? ताशी ३७० किलोमीटरच्या वर गेलं की एलेरॉन (विमान कुशीवर पलटवणाऱ्या पंखांवरच्या झडपा) जड होतात, उजवीकडे पलटणं डावीपेक्षा कठीण जातं, आणि नाक झटक्यात खाली दाबलं की कार्ब्युरेटरमुळे इंजिन गचके खातं. म्हणजे झीरो मागे लागलं तर सूर मारा, वेग वाढवा, उजवीकडे पलटा. वॉर थंडरमध्येही मी हेच करतो आणि दहातल्या सातआठ वेळा सुटतो. (हा आकडा माझ्या आठवणीतला आहे, आणि हरलेले सामने माणूस सोयीने विसरतो.)

मी स्वतः जड अमेरिकन पी-४७ घेतो. त्यावर भाच्याचं म्हणणं, "पण मामाजी, तुमचं पी-४७ तर ट्रकसारखं वळते." वळते ना! ट्रकशी वळणाची शर्यत लावायला जातं कोण?

दुसरा नियम मला सर्वांत जास्त झोंबतो, कारण त्यात शिवी आहे. "तुम्ही वर कायले पयता?" हे मी रोज ऐकतो. उंची म्हणजे साठवलेला वेग. हवेचा अडथळा बाजूला ठेवला तर ताशी ४०० ने चाललेलं विमान १००० मीटर खाली आलं की ६४० च्या पुढे जातं. उलट, ६०० ने जाणारं विमान नाक वर करून ३०० पर्यंत आलं की तेवढ्यात हजारावर मीटर उंची कमावतं. प्रत्यक्षात अडथळा दोन्हीकडून आपला वाटा कापून घेतो, पण हिशेब तोच. आणि आवळून मारलेलं प्रत्येक वळण याच साठ्यातून खर्च होतं. अमेरिकन वैमानिक जॉन बॉइड आणि गणिती थॉमस क्रिस्टी यांनी १९६० च्या दशकात हे गणितात मांडलं, पण मैदानावरच्या लोकांना ते आधीपासून ठाऊक होतं. दुसऱ्या महायुद्धात चीनच्या बाजूने लढणाऱ्या अमेरिकन वैमानिकांना, म्हणजे शेनॉल्टच्या फ्लाइंग टायगर्सना, सक्त ताकीद होती की पी-४० घेऊन जपानी विमानांशी वळायचं नाही. वरून यायचं, मारायचं, खाली निघून जायचं. आपल्याकडेही १९६५ च्या युद्धात आपल्या नॅटची पाकिस्तानी सेबरशी गाठ पडली. चिमुकलं नॅट नजरेत भरत नव्हतं हे एक, आणि चढाला व वेग पकडायला ते चपळ होतं हे दुसरं.

आता उलट बाजूही सांगतो, नाहीतर मीच दुसरा नियमवाला व्हायचो. काही लोक सामन्याची दहा मिनिटं सहा हजार मीटरवर घिरट्या घालतात, खाली आपले चार गडी पडतात आणि हे एक झडप घालून पुन्हा वर. तो भित्रेपणा नसेल, पण उपयोगही नाही. साठा खर्च करायला असतो. मी साधारण शत्रूपेक्षा हजारभर मीटर वर राहतो आणि खालचा कोणी दुसऱ्याच्या मागे वळण्यात गुंतला की उतरतो.

तिसरा नियम. दोन्ही विमानं ताशी ५०० ने आली तर एक किलोमीटरचं अंतर साडेतीन सेकंदांत संपतं. त्यात कौशल्य कुठे दाखवायचं? नाणेफेक आहे ती. आणि पहिल्या नियमाप्रमाणे तुम्ही झीरो घेतलंय, समोर पी-४७ आहे, त्याच्या पंखांत आठ जड मशीनगन आणि पुढे हवेने थंड होणारं दणकट इंजिन. मग नाणंही खोटं. मी मारा सुरू व्हायच्या आधीच थोडा खाली आणि बाजूला सरकतो. त्याला नेम धरायला नाक दाबावं लागतं, तो हुकतो, आणि तो पुढे गेला की मी त्याच्या वेगाकडे बघून वळायचं की नाही ते ठरवतो.

चौथ्या नियमावर फार बोलण्यासारखं नाही. पूर्ण फ्लॅप उतरण्यासाठी असतात. वॉर थंडरमध्ये जास्त वेगात ते तुटून पडतात, आणि तुटले नाहीत तर वेग खातात. कॉम्बॅट स्थितीतले, म्हणजे थोडेसेच उतरवलेले, क्षणभर, शेवटच्या वळणात, एवढेच.

पाचवा नियम ज्याने लिहिला तो कधी संक्रांतीला आमच्या महाल भागातल्या गच्चीवर चढला नसावा. आपला पेच लागला आहे, डोळे एकाच पतंगावर, चक्री धरणारा "ढील दे, ढील दे" ओरडतोय, आणि तेवढ्यात बाजूच्या गच्चीवरचा तिसराच येऊन आपला मांजा कापतो. 'ओ काट' तिकडून ऐकू येतं. लहानपणी असे किती पतंग गमावले त्याला गणती नाही, आणि मोठेपणी तितकीच विमानं. शेपटीला लागलेला माणूस सरळ उडतो, वेग घालवतो आणि मागे बघत नाही. त्याच्यासारखं सोपं सावज नाही.

जॉन थॅच या अमेरिकन नौदल वैमानिकाने नेमका याचाच फास केला. त्याचं वाइल्डकॅट वेगात, चढात आणि वळणात, तिन्हींत झीरोच्या मागे. म्हणून दोन वाइल्डकॅट अंतर ठेवून एकमेकांकडे वळत राहायची. एकाच्या शेपटीला लागलेलं झीरो आपसूक दुसऱ्याच्या मशीनगनसमोर यायचं. ४ जून १९४२ ला मिडवेवर त्याने हे करून दाखवलं. शेपटी न सोडणारे तिथे पडले.

भाचा आणि मी आता हीच जोडी खेळतो. तो अजूनही झीरोच घेतो. मी पी-४७ घेऊन हजारभर मीटर वर असतो. तो खाली वळत राहतो, त्याच्या मागे कोणीतरी हटकून लागतं. परवा मी एकाला टिपायला उतरलो, तर तो आधीच ओरडला, "मामाजी, तुमच्या मागं पाहा!"