ऑस्ट्रेलिया नसलेला डिकन्स

अमेरिकन लेखिका बार्बरा किंगसॉल्व्हरची 'डेमन कॉपरहेड' (२०२२, पुढच्याच वर्षी पुलित्झर) ही कादंबरी डिकन्सच्या 'डेव्हिड कॉपरफिल्ड'ची कॉपी आहे असं कोणी म्हटलं की मला खरंच राग येतो. अहो, तिने लपवलंय कुठे? पात्रांची नावं बघा ना, मर्डस्टोनचा स्टोनर, मिकॉबरचे मकॉब, युराया हीपचा तर चक्क यू-हॉल! सांगाडा तोच, पण लंडनच्या जागी व्हर्जिनियाच्या डोंगरातली ली काउंटी, खाणींचं काम गेलेली आणि १९९६ ला बाजारात आलेल्या ऑक्सिकॉन्टिन नावाच्या पेनकिलरच्या व्यसनाने घरंच्या घरं पोखरलेली.

डिकन्स १२ वर्षांचा होता तेव्हा बाप कर्जापायी तुरुंगात आणि हा बूटपॉलिशच्या कारखान्यात लेबलं चिकटवतोय, तेच पुढे डेव्हिडच्या बाटल्या धुण्यात आलं. डेमन फॉस्टर केअरमध्ये जातो, म्हणजे सरकार पैसे देतं आणि कोणीतरी पोराला घरी ठेवून घेतं, आणि ठेवून घेतलेला माणूस त्याला तंबाखूच्या शेतात राबवतो, पानांचं निकोटिन अंगात भिनून पोरगं आजारी पडतं, मग पुढच्या घरी दुकानाचा कचरा निवडायचं काम. दीडशे वर्षांनी, एवढ्या श्रीमंत देशात! आणि हे सगळं तो पोरगा स्वतःच्या तोंडाने सांगतो, कुणाची दया न मागता. डिकन्सकडून घेण्यासारखं सगळ्यात मोठं हेच होतं आणि तिने ते घेतलं.

पण मला कादंबरी आवडली ती जिथे ती डिकन्सला सोडते तिथे. डिकन्सवर माझं प्रेम आहे, तरी त्याचा शेवट मला कायम खुपतो. ज्यांचं इंग्लंडमध्ये काही होऊ शकत नाही त्यांना तो सरळ जहाजात बसवून ऑस्ट्रेलियाला पाठवतो, एमिली, मार्था, मिकॉबरचं अख्खं कुटुंब, आणि जन्मभर कर्जात बुडालेला मिकॉबर तिथे जाऊन मॅजिस्ट्रेट! साम्राज्य होतं म्हणून ही सोय होती. किंगसॉल्व्हरच्या माणसांना असं कुठलं ऑस्ट्रेलियाच नाही. तिची नर्स जून पेगट तर शहरातून उलट काउंटीत परत येते, पेशंट तपासते, आणि ऑक्सिकॉन्टिनच्या गोळ्या विकणाऱ्यांशी उघड भांडते.

डिकन्स आधी वाचायलाच हवा असं अजिबात नाही. पण वाचला असेल तर फास्ट फॉरवर्ड नावाचा तो देखणा पोरगा पहिल्यांदा येतो तेव्हाच एमिलीला पळवून नेऊन सोडून देणारा डिकन्सचा स्टीअरफोर्थ आठवून पोटात गोळा येतो, पुढे एमीचं, म्हणजे इथल्या एमिलीचं, काय होणार ते दिसत असतं, आणि तरी पानं उलटताना मनात सारखं येत राहतं की बाई, या वेळी तरी तिला वाचवा.