वावर आपलं, गोटे कोणाचे?

दिवाळीनंतर चुलतभावाचा व्हिडिओ कॉल आला. नागपूरच्या काटोल रोडवरून आत, आमच्या वडिलोपार्जित वावरात तो उभा होता. मागे जेसीबी आणि धुऱ्यावर ढीग घातलेले काळे गोटे. "दादा, ले-आउटवाल्या पार्टीनं जागा साफ करून मागतली," तो म्हणाला.

ते गोटे मी लहानपणापासून ओळखतो. गुडघ्याएवढ्या दगडांचं गोल रिंगण, मध्ये मुरूम भरलेला. एका दगडावर ओळीनं वाट्या कोरलेल्या होत्या, सुपारी बसेल एवढ्या. पहिल्या पावसानंतर त्यांत पाणी साचायचं आणि आम्ही पोरं बोटं बुडवत बसायचो. तो वाट्यांचा दगड ढिगात कुठं आहे, हे भावाला सांगता आलं नाही.

ही शिळावर्तुळं म्हणजे विदर्भातल्या लोहयुगातल्या माणसांची दफनं, दोन-अडीच हजार वर्षांपूर्वीची. काही तर त्याहून जुनी. नागपूरजवळच्या एकट्या जुनापाणीला अशी सुमारे ३०० आहेत. माहुरझरीच्या वर्तुळांत माणसांसोबत घोडे पुरलेले सापडले, त्यांच्या तांब्याच्या दागिन्यांसकट. ज्यांच्या नावाचं कॉलेज नागपुरात आहे ते स्टीफन हिस्लॉप १८६३ साली टाकळघाटची वर्तुळं पाहून परतताना नदीच्या पुरात बुडाले. जुनापाणीची वर्तुळं संरक्षित आहेत. पण अशी कितीतरी वर्तुळं लोकांच्या वावरात आहेत, आणि अधिसूचना निघालेली नसेल तर त्यांना कोणी वाली नाही.

मी सात वर्षं आयर्लंडमध्ये, लिमरिकजवळ राहतो. इथं शेताशेतात 'रिंगफोर्ट' दिसतात. हजारेक वर्षांपूर्वीच्या घरांभोवतीचे मातीचे गोल बांध आहेत हे, नोंदलेले चाळीस हजारांहून जास्त, आणि बहुतेक खासगी जमिनीवर. आमच्या शेजारच्या शेतकऱ्याच्या कुरणात एक आहे. गवत कापताना त्याचा ट्रॅक्टर दरवेळी वळसा घालून जातो. त्याच्या आजोबांना वाटायचं की तिथं पऱ्या राहतात, हात लावला तर घरावर संकट येईल. त्याची त्या पऱ्यांवर श्रद्धा नाही. पण त्याच्या शेतातला तो गोल सरकारी यादीत आणि नकाशावर आहे, हे त्याला पक्कं माहीत आहे. १९९४ च्या कायद्यानं तिथं काहीही करायचं तर दोन महिने आधी लेखी कळवावं लागतं. २०२० पासून डागडुजीसाठी खासगी मालकालाही अनुदान मागता येतं. इथंही शेतं मोठी करण्याच्या नादात असे कितीतरी गोल बुलडोझरखाली गेले, तेव्हा हे लोक आपल्याहून शहाणे आहेत असं मी म्हणत नाही. नोंद आधी होते, एवढाच फरक आहे, आणि तो मला फार मोठा वाटतो.

भावाला मी रागानं बोललो. तो शांतपणे म्हणाला, "सरकारले सांगतलं तं वावर गेलं समज."

त्याची भीती खोटी नाही. प्राचीन स्मारकांच्या १९५८ च्या कायद्यातल्या २०१० च्या दुरुस्तीनं संरक्षित स्मारकाच्या हद्दीपासून १०० मीटरपर्यंत नवं बांधकाम बंद झालं, आणि पुढच्या २०० मीटरसाठी परवानगी लागते. एका लहानशा वर्तुळाभोवती १०० मीटर मोजले तरी पावणेआठ एकर होतात. आमचं अख्खं वावर पाच एकर आहे. शहर काटोल रोडनं त्याच्या दारापर्यंत आलंय, पोरीचं शिक्षण त्या पाच एकरांवर ठरलंय, आणि आपण त्याला संस्कृती जपायला सांगतो, तेही फुकटात.

पण त्याच कायद्यातली दुसरी गोष्ट त्याला कोणी सांगितलीच नाही. १९५८ च्या कायद्यानं संरक्षित क्षेत्रातही शेती करता येते, फक्त एक फुटापेक्षा खोल खणायचं नाही. मालकाशी करार करून जपणुकीची सोयही त्यात आहे, जमीन ताब्यात घेतलीच पाहिजे असं नाही. म्हणजे कापूस पेरणाऱ्याचं फारसं बिघडत नाही, नुकसान होतं ते प्लॉट पाडणाऱ्याचं. ते नुकसान खरं आहे, आणि ते समाजानं भरून द्यावं असं माझं स्पष्ट मत आहे. शहरात वारसा वास्तूच्या मालकाला टीडीआर, म्हणजे न वापरलेला बांधकामाचा हक्क दुसरीकडे वापरायची किंवा विकायची मुभा, देण्याची कल्पना आपल्याला मान्य आहे, मग वावरातल्या वारशाला का नाही?

त्याआधी नोंद हवी. विहीर, झाडं, सोसायटीचं कर्ज सगळं सातबाऱ्यावर चढतं. अडीच हजार वर्षांचं रिंगणही चढलं, तर जमीन विकत घेणाऱ्याला ते व्यवहाराआधी दिसेल आणि जेसीबी बोलावण्याआधी कोणालातरी विचारावं लागेल. आज विचारायची सक्तीच नाही, म्हणून रातोरात दगड उपटणं हाच शेतकऱ्याला सुरक्षित मार्ग वाटतो.

पलीकडच्या कोपऱ्यात अजून एक रिंगण शाबूत आहे. भावानं ते मला कॅमेरा फिरवून दाखवलं, तुरीत अर्धं झाकलेलं. मग विचारलं, "कळवू तं कोणाले कळवू? आन् कळवल्यावर वावर कोणाचं राहीन?"

पहिल्याचं उत्तर मी दिलं, पुरातत्त्व खात्याच्या नागपूर मंडळाचा पत्ता पाठवला. दुसऱ्याचं माझ्याकडे नव्हतं.