भाजीचा पंचनामा

गच्चीवर कुंड्यांत लावलेल्या अंबाडीची पानं पिवळी पडायला लागली, म्हणून फोटो काढून सोसायटीच्या ग्रुपवर विचारलं, कुणाला काही ठाऊक आहे का? ताक घाला, पाणी कमी करा, पाणी वाढवा, दृष्ट काढा, असे चार सल्ले आले. पाचवा निरोप चौथ्या मजल्यावरच्या काकांचा: "मॅडम, हे झाड नक्की कसलं आहे याचा खुलासा व्हावा. विषय संवेदनशील आहे."

संध्याकाळी काका भिंग घेऊन गच्चीवर हजर. आयुष्य ऑडिटमध्ये गेलेला माणूस.

"काका, अंबाडी आहे. भाजी."

"तुम्ही म्हणताय म्हणून?" त्यांनी शेंड्याचं एक पान चिमटीत धरून पाकळ्या मोजल्या. "एक, दोन, तीन, चार, पाच. विषम! गांजाच्याही विषमच असतात."

"तुमच्या हाताची बोटंही पाचच आहेत."

त्यांनी हात खिशात घातला. "मी नेटवर पाहिलंय. शास्त्रीय नाव हिबिस्कस कॅनाबिनस. कॅनाबिनस! आता बोला."

मी बोलले. वनस्पतींना शास्त्रीय नावं देणाऱ्या लिनियसने 1759 मध्ये हे नाव दिलं ते पानं भांगेसारखी दिसतात म्हणूनच. पण गांजाच्या पानाच्या पाकळ्या देठापर्यंत सुट्या असतात, अंबाडीचं पान एकसंधच, फक्त खोल चिरलेलं. खालची पानं तर चक्क बदामी आकाराची. आणि खोडावर बारीक काटे. खात्री नसेल तर चावून बघा, आंबट लागेल.

काका दोन पावलं मागे सरकले. "आणि माझ्या रक्तात काही निघालं तर? अमली पदार्थांचा 1985 चा कायदा आहे. लागवड म्हणजे लागवड, एकरात करा नाहीतर कुंडीत."

कायदा त्यांना बरोबर ठाऊक होता, भाजी ठाऊक नव्हती. आमच्या आजोळी शेताच्या कडेने अंबाडी असायची. तिच्या सालीच्या वाखाचे दोर बैलांच्या गळ्यात आणि कोवळी पानं ज्वारीच्या कण्या घालून, वरून लसणाची चरचरीत फोडणी घेऊन आमच्या ताटात. शेजारच्या माणसाला ही ओळखू येऊ नये, याचंच मला जास्त वाईट वाटलं.

तेवढ्यात काका वाकले आणि कुंडीच्या काठावर भिंग रोखून कुजबुजले, "ही पांढरी पावडर कसली?"

मी बघितलं. काठाला पांढरा थर धरला होता. क्षार! मग माझी ट्यूब पेटली. पिवळेपणा वरच्या कोवळ्या पानांतच होता आणि शिरा हिरव्या होत्या, म्हणजे लोह कमी पडतंय. जुन्या पानांत असता तर मॅग्नेशियमवर संशय घेतला असता. पानं उलटून पाहिली. पिठ्या ढेकूण नाही, कोळ्याची जाळी नाही, मुंग्यांची ये-जा नाही. मातीत लोह असेलही, पण जड पाण्याने माती अल्कधर्मी झाली की मुळांना ते उचलता येत नाही. आणि कमिटीने टँकरचे पैसे वाचवायला गच्चीच्या नळाला बोअरचं पाणी सोडलंय. याच पाण्याने गीझरची कॉइल गेली, नळांच्या जाळ्या बुजल्या आणि माझे केस झाडूसारखे झाले.

"काका, ही पावडर तुमच्या कमिटीची आहे."

"तो विषय वार्षिक सभेत घ्या," म्हणाले आणि पुरावा म्हणून सगळ्यात तजेलदार शेंडा खुडून घेऊन गेले.

आता या कुंड्यांना पावसाचं साठवलेलं पाणी आणि चिलेटेड, म्हणजे झाडाला सहज शोषता येणाऱ्या लोहाची फवारणी चालू आहे. नवी फूट हिरवी येतेय. बोअरचं पाणी तपासून घ्या, असं मी ग्रुपवर लिहिलं. एकानेही उत्तर दिलं नाही. काकांच्या 'संवेदनशील' निरोपाखाली मात्र अंगठ्यांची रांग लागलेली आहे, आणि गैरसमज झाला होता एवढं लिहायला कुणाला सवड नाही. गच्चीची किल्ली मागितली की वॉचमन आता वहीत सही घेतो. फक्त माझी.