मातीच्या घराला म्हणे मेंटेनन्सच नसतो!

परत तो वाड्याच्या फोटोवाला मेसेज फिरतोय. जुनी घरं गूळ-उडदात बांधलेली, मेंटेनन्स शून्य, एसी नको, भूकंपात हलत नाहीत, कौलं गावच्या कुंभाराची. मी सातारा जिल्ह्यात जुन्या घरांची मापं, फोटो घेत फिरतो, मला ती जाम आवडतात, म्हणूनच राहवत नाही.

मेंटेनन्स शून्य? अहो, मृगाच्या आधीची शाकारणी कुणाला चुकली होती? जावळी-पाटणकडं छपरावर चढायचं, फुटकी कौलं बदलायची, माकडांनी सरकवलेली परत बसवायची. माण-खटावला पाऊस कमी म्हणून धाब्याची घरं, पण तिथंपण माळवदावर, म्हणजे सपाट मातीच्या छतावर, पांढरी माती टाकून चोपण्यानं (माती बडवायचं लाकडी अवजार) बडवावी लागायची, नाहीतर वळवाच्या पहिल्या सरीला घरात पातेली मांडायची पाळी. आणि सारवण? आजीच्या बोटांचे अर्धगोल जमिनीवर उमटलेले असायचे, वाळतायत तोवर पुढची पाळी आलीच. घरातली बाईच करायची म्हणून त्याचा खर्च कुणी धरला नाही. एका घरी माळवदाचे फोटो घेत होतो तर मावशी म्हणाल्या, चोपण्याचापण काढ की, कोपऱ्यात पडलंय, आता कोण हात लावत नाय त्याला.

गूळ-उडीद चुन्यात घालायचे, खरंय. पण तो चुना बैल जुंपून घाण्यात मळायचा, ते परवडायचं मेणवलीला नाना फडणवीसांना. साध्या शेतकऱ्याची भिंत दगड न् चिखल. मेसेजमधे फोटो वाड्याचा आणि गोष्ट मात्र सगळ्या गावाची.

एसीचं मान्य. दोन फुटी भिंतीच्या आत भर दुपारी जाऊन बसा, कळेल. (वर पत्रा घातला असेल तर नका बसू.)

भूकंपाचं मात्र पाटण तालुक्यात येऊन बोला. ११ डिसेंबर १९६७, पहाटेची वेळ, कोयनानगरचा भूकंप, पावणेदोनशेच्या आसपास माणसं गेली. चिखलात रचलेल्या दगडी भिंती, हादरा बसला की दगड सुटतात आणि झोपलेल्या माणसाच्या अंगावर येतात. ह्यात अभिमान कसला?

राहिली कौलं. फोटोतली चपटी, खाचेची कौलं मंगलोरी आहेत हो, बासेल मिशनच्या लोकांनी १८६५ ला मंगळूरात कारखाना काढला तिथून ती पसरली. एखादं उलटं करून बघा, पोटावर कारखान्याचा छाप असतो. कुंभाराची नळीची कौलं वेगळी, तुमच्याकडं कुठं अजून छपरावर असतील तर फोटो टाका, मी ती शोधतोच आहे.